एका घरात दोन जठराचे कॅन्सर : आण्णा ७६, बहीण ३४

आमराईकर
११ जून, रात्री १०.४०

धागा कुठल्या सदरात टाकावा कळेना, आरोग्यात टाकतोय. लांब होणार आहे, आधीच सांगतो.

माझे वडील, आण्णा. एसटीत ड्रायव्हर होते, सांगली-स्वारगेटवर निम्मी हयात गेली. तंबाखूची पुडी कायम खिशात. दोन वर्षांमागं त्यांना जिना चढताना दम लागायला लागला. घरात सगळ्यांचं एकच पालुपद, वय झालं आता. ते स्वतःही तेच म्हणायचे. तोंड पांढरंफटक पडलं तेव्हा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ६.८. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी संडासला काळं होईल असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं, त्यामुळं काळं झालं तरी कुणी मनावर घेतलं नाही. दोन महिन्यांनी परत तपासलं तर ७.१. गल्लीतला औषधवाला पोरगा म्हणाला, "काका, रक्त भरताय खरं, पण जातंय कुठनं ते बघा की आधी." मिरजेत दुर्बीण घातली. जठराच्या खालच्या टोकाला, अँट्रम म्हणतात तिथं, गाठ. वरून रक्त झिरपत होतं.

भाद्रपदात ऑपरेशन झालं. जठराचा खालचा मोठा भाग आणि आजूबाजूच्या लसिकाग्रंथी काढल्या. नंतर किमो, तीही वय बघून कमी मात्रेत. आठ सायकल ठरल्या होत्या, पाचव्यानंतर थांबवल्या. फ्रिजच्या दाराला हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या, गार पाणी घशाला काट्यासारखं लागायचं. आज ते दिवसातनं सहा वेळा थोडंथोडं खातात आणि सकाळी आमराईत दोन फेऱ्या मारतात.

आता दुसरी गोष्ट. माझी मामेबहीण, तासगाव तालुक्यातली. आम्ही तिला बाळी म्हणायचो. पोरगं दोन वर्षांचं. आण्णांचं ऑपरेशन झालं त्याच दिवाळीत तिला अॅसिडिटी सुरू झाली. अर्ध्या भाकरीत पोट भरायचं. पित्ताच्या गोळ्या सुरू झाल्या, बरं वाटायचं, बंद केल्या की परत तेच. सासू म्हणायची बाळंतपणानंतर पोट असंच राहतं. कुणी म्हणालं टेन्शन घेते. नऊ किलो वजन उतरलं, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी तिला विचारलं, काय डाएट करतेस गं?

दुर्बीण झाली. जठराला सूज आहे, जंतू आहेत असा रिपोर्ट आला. तुकडा तपासला, त्यात कॅन्सर नाही. चौदा दिवसांचा कोर्स झाला. नंतर दोन महिन्यांत पोट फुगलं. सोनोग्राफीत पोटात पाणी आणि दोन्ही बीजकोषांवर गाठी. सगळ्यांना वाटलं ओव्हरीचा कॅन्सर. गाठीचा तुकडा तपासल्यावर कळलं, मूळ जठरात. परत दुर्बीण, या वेळी खोलवरचे तुकडे घेतले, तेव्हा सापडला. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. किमो मुंबईत परळच्या कॅन्सर दवाखान्यात सुरू केली, मग इकडं. यंदा एप्रिलच्या शेवटी ती गेली.

दहाव्याला कुणीतरी मागं बोललं, "म्हातारा राहिला आणि पोरगी गेली." आण्णा शेजारीच बसले होते. त्या दिवसापासून ते मामाच्या घरी पाऊल टाकत नाहीत.

मला कळत नाही ते हे. रोगाचं नाव एक. ७६ वर्षांचा, तंबाखूचा माणूस निभावला. ३४ वर्षांची, कसलं व्यसन नसलेली पोरगी रोग सापडल्यावर दहा महिन्यांत संपली. तरुण रक्तात कॅन्सर जोरात पसरतो म्हणतात ते खरं का? आणि हे आमच्या रक्तातच आहे का? मला पंचेचाळीस लागलंय. मामेभाऊ, म्हणजे बाळीचा भाऊ, एकोणतीस.


चाफळचा_राघू
११ जून, रात्री ११.१५

आमराईकर, फार वाईट झालं हो. ते हळदीकुंकवाचं वाचून पोटात कालवलं. आपल्याकडं बाई बारीक झाली की कौतुक होतं आणि म्हातारा बारीक झाला की "वय झालं". चौकशी कुणाचीच नाही.

माझी आई अजून मिश्री लावते. हा धागा तिला वाचून दाखवणार आहे.


कडुलिंब
१२ जून, सकाळी ६.२०

गव्हांकुराचा रस आणि गोमूत्र अर्क सुरू ठेवला असता तर फरक पडला असता. माझ्या माहितीतले तीन जण बरे झालेत.


नाना_वाईकर
१२ जून, सकाळी ७.०५

कडुलिंबराव, अर्कानं कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही. आणि ज्या घरात दीड महिन्यामागं माणूस गेलंय तिथं "असता तर" लिहू नये. हे तुम्हाला अर्क न पिताही कळायला हवं.

आमराईकर, मी अडुसष्ट वर्षांचा आहे. गेल्या वर्षी मला भूक लागेना. डॉक्टरनं न तपासता टॉनिक दिलं, म्हणाला या वयात असं होतं. मी विचारलं, "माझ्या वयाच्या सगळ्यांना होतं? मग मंडईत माझ्याच वयाचे ते जोशी पेढे कसे काय चापतात?" मुकाट्यानं दुर्बिणीची चिठ्ठी लिहिली. अल्सर निघाला, साधा होता. पण बघितल्याशिवाय साधा आहे हे कळलं कसं असतं?


शस्त्रवैद्य
१२ जून, दुपारी २.३०

पोटाचा सर्जन आहे, कराडच्या बाजूला काम करतो. न पाहिलेल्या रुग्णांवर मत देत नाही, पण तुमच्या वर्णनातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. हे दोन वेगळे आजार आहेत, आडनाव फक्त एक आहे.

फिनलंडच्या लॉरेन यांनी १९६५ साली जठराच्या कॅन्सरचे सूक्ष्मदर्शकाखाली दोन मुख्य प्रकार केले, ते आजही वापरतो. पहिला इंटेस्टिनल, म्हणजे आतड्यासारखा. याची वाट लांबलचक असते. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू बहुतेकदा लहानपणीच शिरतो. जठराचं अस्तर वर्षानुवर्षं सुजलेलं राहतं, मग झिजतं, मग त्या जागी आतड्यासारखं अस्तर उगवतं, त्यातल्या पेशी बिघडत जातात आणि शेवटी गाठ. या प्रवासाला दशकं लागतात. त्यात तंबाखू आणि खारवलेलं खाणं भर घालतात. म्हणून हा प्रकार वयस्कांत आणि पुरुषांत जास्त. तो बहुधा जठराच्या खालच्या भागात, गाठ धरून वाढतो, दुर्बिणीत दिसतो, त्याच्यातून रक्त झिरपतं. आण्णांचा रिपोर्ट याच प्रकारचा असावा.

दुसरा डिफ्यूज. यात पेशींना एकमेकींना धरून ठेवणारा डिंकच उरत नाही. ई-कॅडहेरिन नावाचं ते प्रथिन आहे. पेशी सुट्या सुट्या होऊन अस्तराच्या खालून पसरतात. आमटीत खडा असेल तर चमच्याला लागतो, मीठ विरघळलेलं असेल तर चमचा फिरवून काय सापडणार? जठराची भिंत जाड आणि ताठ होते. पुस्तकात याला चामड्याची बाटली म्हणतात. ज्यांनी गावाकडे वाळलेली मोट पाहिली आहे त्यांना लगेच कळेल. ती ताणत नाही, म्हणून अर्ध्या भाकरीत पोट भरतं. दुर्बिणीतून हवा सोडली तरी जठर फुगत नाही, ही खूण अनुभवी डोळ्याला दिसते, पण सुरुवातीला तीही नसते. हा प्रकार तरुणांमध्ये प्रमाणाने जास्त आढळतो आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांच्या बरोबरीने, काही ठिकाणी अधिकही. बीजकोषांवर गाठी येणं हेही याचंच लक्षण. क्रुकेनबर्ग ट्यूमर म्हणतात.

याचा अर्थ म्हाताऱ्यांना डिफ्यूज होत नाही किंवा तरुणांना इंटेस्टिनल होत नाही असा नाही. दोन्ही पाहिले आहेत. पारडं कुठे झुकतं एवढंच.

आता "तरुण रक्तात जोरात पसरतो". अर्धवट खरं आहे. तरुण रुग्ण एकत्र मोजले तर निकाल वाईट दिसतात, कारण त्यांच्यात डिफ्यूज जास्त आणि ते पोहोचतात उशिरा. पण एकाच टप्प्यावर सापडलेला तरुण आणि म्हातारा शेजारी ठेवले, दोघांचंही पूर्ण ऑपरेशन झालं, तर तरुण मागे पडत नाही. अनेक अभ्यासांत तो पुढेच असतो. हृदय धड, फुप्फुसं धड, किमो पूर्ण मात्रेत सोसते. तुमच्या बहिणीचं वय तिच्या विरोधात नव्हतं. तिच्या वयामुळे कुणाला शंका आली नाही.


सूक्ष्मदर्शक
१२ जून, संध्याकाळी ५.५०

पॅथॉलॉजीत आहे, एकाच मुद्द्यापुरतं लिहितो. पहिल्या बायोप्सीत कॅन्सर नाही आला म्हणजे कुणी चूक केली असं धरून चालू नका. दुर्बिणीचा चिमटा अस्तराचा वरवरचा तुकडा घेतो, तांदळाच्या दाण्याएवढा. डिफ्यूज प्रकारात वरचं अस्तर चांगलं आणि खाली सगळं पसरलेलं असू शकतं. अशा वेळी एकाच जागी चिमट्यावर चिमटा घेऊन खोल जावं लागतं, तुकडे भरपूर लागतात.

रिपोर्टमध्ये सिग्नेट रिंग सेल असे शब्द असतील. पेशीत चिकट द्रव भरून केंद्रक कडेला ढकललेलं असतं, खड्याच्या अंगठीसारखं दिसतं. फार सुंदर दिसतं खरं तर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही सुंदरच म्हणालो होतो. नंतर शब्द गिळला.

तिच्या तपासणीचे मेणाचे ब्लॉक, म्हणजे तपासलेला तुकडा ज्या मेणात जपून ठेवतात ते, जिथे आहेत तिथून टाकून देऊ देऊ नका. का, ते डॉक्टर सांगतील.


भडंगप्रेमी
१२ जून, रात्री ९.१०

डॉक्टरसाहेब, एक बावळट प्रश्न. आमच्याकडं सांगलीत तिखटाशिवाय घास उतरत नाही. भडंग, झणझणीत मिसळ, रविवारी तांबडा रस्सा. हे सगळं बंद करायचं का? बायकोनं हा धागा वाचून कालपासून मिरचीचा डबा लपवलाय.


शस्त्रवैद्य
१२ जून, रात्री ९.४५

डबा परत मिळवा. तिखटाने जळजळ वाढते, पण तिखटामुळे जठराचा कॅन्सर होतो असं ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही. मीठ मात्र आहे, म्हणजे खारवलेलं, धुरावलेलं अन्न. आपल्या देशात या कॅन्सरचं प्रमाण सर्वांत जास्त आहे ते मिझोराममध्ये. तिथे धुरावलेलं मांस खातात, शिवाय तंबाखूचा धूर पाण्यातून काढून ते पाणी तोंडात धरायची सवय आहे. त्या मानाने महाराष्ट्रात हा आजार कमी. जगभरातही एकूण प्रमाण गेल्या काही दशकांत खाली आलंय. त्याचं बरंचसं श्रेय ऑन्कॉलॉजिस्टना नाही, फ्रिजला आहे. अन्न खारवून टिकवायची गरज राहिली नाही. घरात फ्रिज आणि चांगलं पाणी आलं की जंतूही मागे हटतो.

भडंगातलं मीठ बघा, मिरची नको.


कोयनाकाठ
१३ जून, सकाळी ११.२०

माझ्या सासूबाई, पाटण. गेल्या साली ८३. त्यांनाही जठराचाच निघाला, रक्तच जात होतं. आमराईकरांच्या आण्णांसारखंच. पण त्यांना आधीच एक झटका येऊन गेलेला, काठीशिवाय चार पावलं चालता येत नव्हतं, स्मरणही जाऊन येऊन. मोठे दीर म्हणत होते, पैसा लागू दे, ऑपरेशन करायचंच, नाहीतर लोक काय म्हणतील. धाकटे म्हणत होते, आईला कुठं टोचू नका. तीन रविवार भांडणात गेले.

शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि त्यांना एकटीला विचारलं. त्या म्हणाल्या, मला घरी भात खायचाय आणि चक्कर नको. एवढंच. ऑपरेशन केलं नाही. रक्त थांबायला पाच दिवस रेडिएशन घेतलं आणि खरंच थांबलं. सात महिने घरी होत्या. शेवटचे दोन आठवडे सोडले तर भात खाल्ला.

आम्ही बरोबर केलं का हा प्रश्न अजून येतो रात्री. आमराईकर, तुमच्या आण्णांचं वाचून परत आला. रागावू नका.


आमराईकर
१३ जून, दुपारी १.००

कोयनाकाठताई, रागवायचं काय त्यात. आमच्याकडं उलटं भांडण होतं. सगळे पाहुणे म्हणत होते, ७६ व्या वर्षी कशाला चिरताय, आहेत ते दिवस सुखानं जगू द्या. आण्णाच म्हणाले, "गाडी घाटात बंद पडली तर पॅसेंजर उतरवून ढकलायचं की तिथंच सोडायची?"

ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे त्यांना तयार केलं होतं. तंबाखू बंद, तो तीन चेंडूंचा श्वास ओढायचा डबा दिवसातनं दहादा, अंडी, रोज चालणं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना जिना चढायला लावला आणि स्वतः घड्याळ लावून बरोबर चढल्या.


शस्त्रवैद्य
१३ जून, रात्री १०.१५

त्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांगा. जन्मतारीख कागदावर असते, जिना पायात असतो. ८० वर्षांचा शेतकरी टेबलावर घेताना मला कधीकधी कमी धास्ती वाटते आणि ६२ वर्षांचा मधुमेही, जागचा न हलणारा माणूस घेताना जास्त. वयस्करांमध्ये जठराच्या ऑपरेशननंतर घात करतो तो बऱ्याचदा न्यूमोनिया, हृदय किंवा शिवणीतली गळती. कॅन्सर त्या वेळी शेजारी उभा असतो. म्हणून आधी बघायचं : चालणं, वजन किती उतरलं, स्मरण, आधीचे आजार, घरी करणारं कोण आहे.

कोयनाकाठताई, काठीशिवाय चालता न येणं, आलेला झटका आणि त्यांचं स्वतःचं म्हणणं, या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला होत्या. मीही ऑपरेशन सुचवलं नसतं. वयस्करांवर दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. धडधाकटाला वय म्हणून नाकारतात आणि थकलेल्याला लोकलाजेखातर चिरतात.

किमोचंही तसंच. ब्रिटनमध्ये गो-टू नावाचा मोठा अभ्यास झाला, ५१४ रुग्ण, निम्म्याहून जास्त पंच्याहत्तरीच्या पुढचे. अन्ननलिका आणि जठराचा पसरलेला कॅन्सर असलेले, पूर्ण किमो झेपणार नाही असे. त्यांना तीन वेगवेगळ्या मात्रा देऊन पाहिल्या. सर्वांत कमी मात्रेनेही, पूर्ण मात्रेच्या साठ टक्के, आजार जवळजवळ तेवढाच आवरला आणि त्रास कमी झाला. हे पसरलेल्या आजारापुरतं आहे, ऑपरेशननंतरच्या किमोला जसंच्या तसं लावू नका. उलट तरुण, दणकट माणसाला आज ऑपरेशनच्या आधी चार आणि नंतर चार अशी चार औषधांची कडक किमो देतात. २०१९ मध्ये आलेल्या जर्मनीतल्या चाचणीत तिने जुन्या पद्धतीच्या तुलनेत मध्य आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण जितका काळ तरी जगतात तो, ३५ महिन्यांवरून ५० वर नेलं. आण्णांना ती दिली असती तर कदाचित दुसऱ्या सायकललाच दवाखान्यात परत आले असते.

वयस्करांच्या बाजूची एक गोष्ट कुणी सांगत नाही. त्यांच्यातल्या काही गाठी एमएसआय-हाय नावाच्या, म्हणजे पेशीतली डीएनए दुरुस्त करायची यंत्रणा बिघडलेल्या, गटात मोडतात, तरुणांपेक्षा जास्त प्रमाणात. या गाठी तुलनेने सौम्य वागतात आणि आजार पसरला तर इम्युनोथेरपीला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांना, चांगला प्रतिसाद देतात. बायोप्सीच्या तुकड्यावरच ही तपासणी होते. विचारून घ्यावी.

आता रक्ताचा प्रश्न, आमराईकर. कागद घ्या आणि वंशावळ काढा. आण्णा आणि तुमची मामेबहीण यांचं आपसात रक्ताचं नातं नाही. एक वडिलांकडचे, दुसरी आईकडची. दोघांचा सांधा तुम्ही आहात. म्हणून तुमच्यासाठी दोन वेगवेगळी उत्तरं आहेत.

वडिलांमुळे : तुम्ही पहिल्या पिढीचे नातेवाईक. एच. पायलोरी तपासून घ्या, असेल तर औषध घ्या. कोरियात अशाच नातेवाइकांवर अभ्यास झाला, २०२० साली प्रसिद्ध झाला. जंतू मारल्यावर कॅन्सरचा धोका निम्म्याहून खाली आला. श्वासाची किंवा शौचाची तपासणी पुरते, पण आधी दोन आठवडे पित्ताच्या गोळ्या बंद पाहिजेत, नाहीतर जंतू असून रिपोर्ट नाही म्हणतो. निम्म्या लोकांना हे कुणी सांगत नाही. तुमच्या वयाला एकदा दुर्बीणही करून घ्या. भिऊ नका. आपल्याकडे निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात हा जंतू असतो आणि त्यातल्या फार थोड्यांना कॅन्सर होतो.

बहिणीमुळे : पन्नाशीच्या आत डिफ्यूज कॅन्सर झाला की सीडीएच-१ या, तो ई-कॅडहेरिनचा डिंक बनवणाऱ्या, जनुकाची तपासणी सुचवली जाते. १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात हा दोष सापडला. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरात तरुण माणसं जठराच्या कॅन्सरने जात होती. जठराच्या एकूण कॅन्सरपैकी फक्त एक ते तीन टक्के असे आनुवंशिक असतात, तेव्हा तुमच्या घरात नसण्याचीच शक्यता जास्त. पण असेल तर मामा किंवा मामी, दोघांपैकी एकाकडून आलेला असू शकतो आणि मामेभावाकडे असण्याची शक्यता निम्मी. मामांकडून असेल तर तुमच्या आईचाही प्रश्न येतो. या दोषात बायकांना स्तनाच्या एका विशिष्ट, लोब्युलर कॅन्सरचाही धोका असतो. घराण्यात तसं कुणी होतं का, विचारून बघा.

ती आता नाही, तिची जनुक तपासणी करायची तर त्या ब्लॉकवरच. तो जपून ठेवायचा तो यासाठी.


भडंगप्रेमी
१३ जून, रात्री १०.५०

डबा मिळाला. माळ्यावर होता. धन्यवाद डॉक्टर.


चाफळचा_राघू
१४ जून, सकाळी ८.३०

जनुक सापडलं तर पुढं काय करतात? न झालेल्या कॅन्सरला औषध कुठलं?


शस्त्रवैद्य
१४ जून, दुपारी ३.१०

जठर काढतात. पूर्ण. दुर्बिणीने हा प्रकार लवकर पकडता येईल याची खात्री नाही, म्हणून ज्यांच्यात दोष आहे त्यांना तरुणपणीच प्रतिबंधक ऑपरेशन सुचवतात. काही जण नको म्हणतात आणि दर वर्षी तज्ज्ञांकडे दुर्बीण करून घेतात. तरण्याताठ्या, कुठेही न दुखणाऱ्या माणसाला हे सांगणं अवघड असतं. म्हणून तपासणीच्या आधी समुपदेशन लागतं, नंतर नाही.


महालक्ष्मीचा_प्रवासी
१४ जून, रात्री ८.००

परळला जाणार असाल तर माझ्याकडनं थोडं. चार वर्षं आईला घेऊन ये-जा केलीय. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी दादरला उतरायचं, तिथनं टॅक्सी. जुने रिपोर्ट, सीडी, काचपट्ट्या आणि ब्लॉक, सगळं एका पिशवीत, आणि पिशवी उशाला. काचपट्ट्या फुटल्यामुळं परत यावं लागलेली माणसं बघितलीत. राहायला दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, पेशंट आणि त्यांच्या माणसांसाठीच. जागेसाठी आधी चौकशी करा.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसत असाल तर इकडंच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठा. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते आजच बघा. आमचं एका वेलांटीवरनं नऊ दिवस अडलं होतं.


कोयनाकाठ
१५ जून, सकाळी १०.०५

आमराईकर, आण्णांच्या खाण्याचं जरा सविस्तर लिहाल का? माझ्या मावशीचं पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे, वय ७१.


आमराईकर
१५ जून, दुपारी ४.२०

लिहितो ताई. पहिला महिना रडवणारा होता. एक वाटी खिचडी खाल्ली की अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात मुरडा, आणि आडवं व्हावं लागायचं. त्याला डंपिंग म्हणतात. जठराचं गोदाम लहान झालं की माल थेट आतड्यात पडतो. आम्ही काय केलं, तर जेवताना पाणी बंद, अर्ध्या तासानं प्यायचं. चहात साखर जवळजवळ नाही. ही गोड गोष्ट लई नडते, शिरा, लाडू, सरबत. आजारी माणसाला पाव्हणं नेमकं तेच आणतात. प्रत्येक खाण्यात अंडं, पनीर, डाळ, मासा यातलं काहीतरी. भाकरी दुधात नाही, आमटीत कुस्करून. सहा वेळा, घड्याळ लावून. डब्याच्या झाकणावर आईनं खडूनं वेळा लिहून ठेवल्या होत्या.

बी-१२ चं रक्तात बघत राहायला सांगितलंय. सगळं जठर काढलं तर ते इंजेक्शन जन्मभर लागतं. लोह पण कमी पडतं. वजन सात किलो उतरलं, त्यातलं तीन परत आलं.

आणि मावशींना लोहाच्या गोळ्या चालू असतील तर काळ्या संडासचा फरक विचारून घ्या. मला आता कळलाय. गोळ्यांचं काळं हिरवट आणि घट्ट असतं. रक्ताचं डांबरासारखं चिकट आणि वासानं कळतं. हे मला दोन वर्षांमागं ठाऊक असतं तर तेच दोन महिने वाचले असते.


नाना_वाईकर
१५ जून, संध्याकाळी ६.००

हे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात वाचून दाखवतो. आधी चहा होऊ देतो.


आमराईकर
१९ जुलै, रात्री ९.३०

धागा वर काढतोय, बऱ्याच जणांनी निरोपात विचारलं होतं.

माझी तपासणी झाली. पित्ताच्या गोळ्या मी पण अधूनमधून घेतच होतो, दोन आठवडे बंद ठेवल्या. जंतू निघाला. दुर्बिणीत थोडी सूज, बाकी काही नाही. चौदा दिवसांचा कोर्स आज संपला. चौदा दिवस तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यासारखी चव होती. आईची तपासणी मामाच्या रिपोर्टवर अवलंबून आहे म्हणून थांबलोय.

मामाकडं मी तीन वेळा गेलो. पहिल्यांदा मामीनं ऐकूनच घेतलं नाही. लेक गेली, आता पोराच्या मागं लागू नका म्हणाली. चूक नाही तिची. दुसऱ्यांदा मी वंशावळीचा कागद तसाच टीपॉयवर ठेवून आलो. तिसऱ्यांदा गेलो तर कागदावर मामाच्या अक्षरात एक नाव वाढलं होतं. त्याची आत्या. चाळिशीत "पोटाच्या दुखण्यानं" गेली होती, चाळीस-पंचेचाळीस वर्षांमागं. काय होतं कुणाला माहीत. पण लिहिलं होतं.

मामेभाऊ तयार झालाय. पुढच्या सोमवारी मिरजेत दुर्बीण, आणि रक्त जनुकाच्या तपासणीला जाणार. समुपदेशन परवा फोनवर झालं. बाळीचा ब्लॉक मिळाला, सूक्ष्मदर्शक यांचे आभार. मागायला गेलो तेव्हा तिथला माणूस म्हणाला, बरं झालं वेळेत आलात.

मामेभाऊ दुर्बिणीला लई भितोय. नळी घशातनं जाते म्हटल्यावर रात्री झोपेना. हे मी घरी सांगत होतो, आण्णा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "सोमवारी मी जातो त्याच्यासंगं. मला तिथं सगळी ओळखतात. नळी घालायच्या वेळी काय करायचं ते त्याला मी सांगतो."

आईनं विचारलं, "आणि त्याला घ्यायला कोण जाणार?"

"मीच जातो तासगावला. सकाळच्या एसटीनं."


महालक्ष्मीचा_प्रवासी
१९ जुलै, रात्री १०.१०

रिपोर्ट आला की लिहा. काहीही असला तरी लिहा.